एमजी टीडी घरीच उभी करायची असेल तर

अमळनेरच्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांची एमजी, म्हणजे जुनी इंग्रजी मोटार, जिनिंगच्या जुन्या शेडमध्ये १९८१पासून ताडपत्रीखाली पडून आहे. इंजिन जाम, दारं लोंबलेली, लाकडाला वाळवी. मुंबईचा एक कारागीर म्हणतो ट्रकवर टाकून पाठवा. गावातला मेकॅनिक म्हणतो आजच्या एखाद्या गाडीचं इंजिन बसवून महिन्याभरात पळवून दाखवतो. भाऊंना मात्र वडील, चुलतभाऊ आणि दोन मित्र मिळून हे काम घरीच करायचं आहे आणि वैशाखात बहिणीच्या लग्नाला गाडी दारात हवी आहे. सुरुवात कुठून करावी, असं ते विचारतात.

भाऊ, तुमच्या फोटोत चाकं १५ इंची आणि पत्र्याची दिसतात, म्हणजे ही एमजीचं टीडी मॉडेल. आधीच्या टीसी मॉडेलला १९ इंची तारांची चाकं होती. टीडी १९४९च्या अखेरीपासून १९५३पर्यंत इंग्लंडात अॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली. आमच्या मामांची १९५१ची आहे. फैजपूरला केळीच्या गोदामात ती तीस वर्षं उभी होती. मामांची मुलं, मी, माझी मुलगी आणि भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेला माझा शाळेतला मित्र, अशा आम्ही सहा जणांनी ती उभी केली. तीन वर्षं चार महिने लागले. त्या हिशेबाने सांगतो: घरी जमेल, नक्की जमेल. येत्या वैशाखापर्यंत मात्र जमणार नाही. ती तारीख आजच डोक्यातून काढा, कारण घाईत जे बिघडतं ते या गाडीत परत मिळत नाही. बहिणीला लग्नात शेडमधल्या गाडीपाशी उभी करून एक फोटो काढा. पुढे तोच फोटो तुम्हाला जास्त मोलाचा वाटेल.

दुसरं इंजिन बसवू नका. एक्सपीएजी हे १२५० सीसीचं इंजिन हाच त्या गाडीचा जीव आहे. शिवाय जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे २०२१चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. मेकॅनिकच्या सांगण्यावर गेलात तर पळणारी गाडी मिळेल, पण आजोबांची गाडी गेलेली असेल.

आता सुरुवात. पाना हातात घ्यायच्या आधी घरात बसून ठरवा की गाडी कोणाची. आम्ही हे उशिरा ठरवलं आणि त्यापायी आठ महिने काम बंद पडलं. मामांच्या धाकट्या मुलाने इंजिनाच्या बोरिंगचे आणि पिस्टनचे पैसे भरले होते. थोरलीने काही भरलं नव्हतं, पण दर रविवारी ती सकाळी आठपासून गोदामात असायची. गाडीला चांगला भाव येईल असं कुणीतरी बोललं आणि बहीणभावात अबोला धरला गेला. शेवटी मामींनी दोघांना समोर बसवून वहीत लिहून घेतलं: कागद थोरलीच्या नावावर, प्रत्येकाने घातलेला पैसा तारखेसह वहीत, दहा वर्षं विकायची नाही, आणि पुढे कधी विकलीच तर आधी वहीतले पैसे ज्याचे त्याला परत. आजोबांचे वारस तुमचे वडील आणि काका, दोघेही आहेत. आरसी आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाचे कागद आत्ताच मार्गी लावा. आणि चासी नंबर, इंजिन नंबर जिथे कोरले आहेत तिथे घासणी, सँडपेपर काहीही लावू देऊ नका. आमच्या पेंटरच्या पोराने चासीवरचा गंज काढायला ग्राइंडर उचलला होता, तो मी हातातून काढून घेतला.

दुसरी गोष्ट, ती गाडी चालवलेलं माणूस अजून हयात असेल तर त्याला आणून गाडीजवळ बसवा. तुमचे वडील असतील, आजोबांचा जुना ड्रायव्हर असेल. आमचे मामा तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांची बाज आम्ही गोदामाच्या दारातच टाकली. डाव्या दाराचा खांब उजव्यापेक्षा बोटभर जाड निघाला, तेव्हा आम्हाला वाटलं उजवाच झिजलाय. डाव्यावरून नवा कापायला निघालो. मामा म्हणाले, "घाई नको करजो, भो. तो खांब मूळचा नाहीच." १९६८ साली सावद्याच्या रेल्वे फाटकापाशी केळीच्या बैलगाडीला धडक बसली होती आणि गावच्या सुताराने बाभळीचा तुकडा घालून तो खांब जोडला होता. आम्ही मग उजव्या खांबाचा कागदी नमुना काढला, उलटा केला आणि त्यावरून डावा बनवला. मामांनी हे सांगितलं नसतं तर दोन्ही दारं कायमची वाकडी बसली असती. त्यांचं सगळं बोलणं माझ्या मुलीने फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं. दुसऱ्या वर्षी ते गेले, पण पुढेही अडलं की आम्ही ते रेकॉर्डिंग लावायचो.

दारांवरून लाकडाकडे येतो, कारण या गाडीत सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो आणि लोक सगळ्यात कमी लक्ष तिथेच देतात. टीडीची बॉडी म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. मूळ लाकूड अॅश, ते आपल्याकडे मिळत नाही. आम्ही पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया घेतल्या, जुनं सागवान. ते आता आक्रसायचं नाही, पिळवटायचं नाही, आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. काम केलं ते बैलगाड्या आणि खिडक्या-दारं करणाऱ्या आमच्या गावच्याच सुताराने. मोटारीला त्याने कधी हात लावला नव्हता, पण खाचेत लाकूड कसं बसवायचं हे त्याला शहरातल्या कोणत्याही गॅरेजवाल्यापेक्षा जास्त कळत होतं.

त्याने घालून दिलेले दोन नियम तुम्हीही पाळा. पहिला, सडलेला तुकडा कितीही भुसभुशीत असो, फेकायचा नाही. नवा तुकडा बसेपर्यंत तोच तुमचा नकाशा. आमचा एक तुकडा हातात घेताच पिठासारखा सांडायला लागला. त्याने त्यावर पातळ केलेला फेविकॉल सोडला, रात्रभर वाळवला आणि सकाळी त्यावरून माप घेतलं. दुसरा, सगळा सांगाडा एकदम उकलायचा नाही. एक खांब काढायचा, नवा बसवायचा, मग पुढचा. आणि हे सगळं बॉडी चासीवर बसलेली असताना. जमिनीवर जोडलेला सांगाडा चासीवर चढवला की कुठेतरी तिरकेपणा येतोच. टीडीची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर असतात, त्यामुळे मागचा खांब जरा सैल झाला की दार लगेच खाली येतं. रंगाच्या आधी दोन्ही दारं लावा, पन्नास वेळा उघडझाप करा, दोन माणसं आत बसवून पुन्हा करा. फट बदलली नाही तरच पत्रा ठोका.

मग नट-बोल्ट. इथे मी एक चूक केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. एक्सपीएजी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टाची डोकी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाची. कारण जुनं आहे: १९२३मध्ये, एमजी ज्याची त्या मॉरिसने कव्हेंट्रीचा हॉचकिस कारखाना घेतला. तो मूळ फ्रेंच कंपनीचा, यंत्रं सगळी मेट्रिक. आटे तसेच राहिले आणि इंग्रज मेकॅनिकच्या पान्यांना बसावीत म्हणून डोकी व्हिटवर्थची केली. आपला जवळच्या मिलिमीटरचा पाना एक तर बसत नाही, नाहीतर सैल बसून डोकं गोल करतो. त्याहून वाईट म्हणजे इंजिनावरचे ८ मिमी बोल्ट १ मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांत १ मिमी अंतराचे आहेत आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो १.२५चा. तो दोन-तीन आटे हाताने फिरतो, मग अडतो. मला वाटलं गंज आहे. मी पान्याने जोर दिला आणि वॉटर पंपाच्या भोकातले आटे भुग्यासारखे बाहेर आले. १९५१पासून शाबूत राहिलेलं भोक माझ्या हाताने गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. पुढे लेथवाल्याने तिथे स्प्रिंगसारखी नवी आट्यांची तार बसवून दिली.

माझ्या मित्राने भुसावळच्या भंगार बाजारातून व्हिटवर्थ पान्यांचा सेट शोधून आणला, वाफेच्या इंजिनांच्या काळातला. तुम्हीही पान्यांसाठी तिकडेच जा. आणि प्रत्येक निघालेला बोल्ट, तो कुठून निघाला त्याचा फोटो आणि चिठ्ठी, हे सगळं एका डब्यात. आमच्याकडे हे काम माझ्या मुलीकडे होतं, ती तेव्हा नववीत होती. तिच्या १४२ डब्यांतला एकही बोल्ट हरवला नाही.

जाम इंजिन हँडलने किंवा गाडी ढकलून फिरवू नका. प्लग काढा, चारही सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं ओता, आठवड्याने पुन्हा ओता. आमचं सहाव्या आठवड्यात केसभर हललं. बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६६.५ मिमीचा आहे. लेथवर न्यायच्या आधी जुने पिस्टन मोजून घ्या, आधीच एकदा बोर वाढवलेला असू शकतो. जोडणी झाल्यावर लगेच चालू करू नका. या इंजिनाचा ऑइल पंप रिकामा राहिला तर आपोआप तेल ओढत नाही. पंपात तेल भरा, प्लग काढून सेल्फ मारा आणि ऑइलचा काटा वर चढलेला डोळ्यांनी पाहिल्यावरच प्लग लावा.

त्याही आधी ब्रेक. हायड्रॉलिक आहेत पण सर्किट एकच, एक होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. सगळे रबर आणि होज नवे, व्हील सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे असतील तर आत नवा बूश, म्हणजे नळी, बसवून घ्या. इथे पैसे वाचवायचे नाहीत आणि जुनं वापरून बघू असंही म्हणायचं नाही. मागच्या सीटवर घरचं माणूस बसणार नाही, कारण मागे सीटच नाही, पण शेजारी बसणारच आहे.

वायरिंगचं एकच सांगतो: बॅटरीचा प्लस चासीला जातो. आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस लावेल. बॅटरीच्या पेटीवर लाल रंगाने मोठं लिहून ठेवा.

आता आपल्या उन्हाचं. पेट्रोल पंप इंजिनाच्या मागे फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर आहे. मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांवर पारा गेला की पेट्रोल पाइपमध्येच वाफ होऊन अडतं. पाइप एक्झॉस्टपासून लांबून न्या आणि रेडिएटरचा गाभा आतून पूर्ण साफ करून घ्या. त्यात बोअरचं पाणी कधीच नाही, क्षार साचून वर्षभरात परत चोंदेल. पंपावरच्या पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते जुन्या रबराला फुगवतं आणि ओलावा ओढून टाकी आतून गंजवतं. होज व्हिटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या, दोन्ही एसयू कार्बोरेटरच्या जेटचे जुने कॉर्क बदला आणि गाडी दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा.

सीटचं चामडं आम्ही सारंगखेड्याच्या घोडेबाजारात भेटलेल्या, खोगीर शिवणाऱ्या कारागिराकडून शिवून घेतलं. दत्तजयंतीच्या यात्रेत गाठ पडली. टाका असा की धागा ओढून बघा, हलत नाही.

रंगाची वेळ नीट निवडा, तुमच्यासाठी हे खास. शेड जिनिंगची आहे, आणि कापसाचा हंगाम चालू असताना हवेत तूस असतं. आम्ही पहिला हात दिवाळीनंतर मारला. शेजारी जिनिंग चालू होतं. सकाळी बॉनेटवर हात फिरवला तर सायीवर लव उगवावी तशी पांढरी तुसं रंगात रुतलेली. सगळं घासून काढलं आणि फाल्गुनात, जिनिंग थांबल्यावर, खाली पाणी मारून पुन्हा रंगवलं. पावसाळ्यात रंगाला दमट हवा लागून तो फिका पडतो, तोही काळ टाळा.

नोंदणीचं वर म्हटलंच. नव्या व्हिंटेज नोंदणीची फी २०,००० रुपये, नंबरात व्हीए अक्षरं येतात आणि ती दहा वर्षं चालते. जुना नंबर जिवंत असेल तर तोच ठेवता येतो. गाडी रोजच्या वापराला मात्र नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर आणायची.

पहिली फेरी आम्ही पहाटे आमोद्यापर्यंतच मारली. थोरली चालवत होती आणि शेजारी मामी बसल्या होत्या. परत आल्यावर मामी बराच वेळ उतरल्या नाहीत, डॅशबोर्डच्या कडेवर नुसता हात ठेवून बसून राहिल्या. त्यांच्या लग्नानंतर पालच्या डोंगरावर त्या याच गाडीतून गेल्या होत्या.

तुम्ही आता एवढं करा. ताडपत्री काढून गाडी चारही बाजूंनी उघडी ठेवा, हवा लागू द्या, पण धुऊ नका. चासीवरची पाटी आणि दोन्ही दारांच्या मागच्या खांबांचे जवळून फोटो इथे टाका. पुढच्या महिन्यात मला अमळनेरला यायचंच आहे, येताना व्हिटवर्थचे पाने घेऊन येतो. वडिलांना त्या दिवशी घरी थांबायला सांगा.