वाचून दाखवल्याशिवाय सबमिट करू नकोस

पोरी,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी वाचला. "अक्का, आमचीच माणसं आमच्या ग्रुपला दाखवायला घेऊन चाललेय असं वाटायलंय, मी आतली की बाहेरची हेच कळेना. हे बरोबर आहे का?" त्याच्याखाली तुमच्या स्थलांतराच्या अभ्यासदौऱ्याचा कार्यक्रम आणि तो गूगल फॉर्म. कार्यक्रम ठीक आहे, निपाणी, संकेश्वर, बेळगावची उद्यमबाग औद्योगिक वसाहत, खानापूर, मधे एक दिवस बेळगाव बघायला आणि कुंदा घ्यायला. फॉर्म मात्र मी नीट बसून वाचला. बेचाळीस प्रश्न. कुणी काढलेत गं हे?

आतली की बाहेरची ते नंतर ठरव, नाही ठरलं तरी काही अडत नाही. जाऊ की नको ते तर मला विचारूच नकोस. पुण्यात बसून संकेश्वरच्या उसाच्या फडातलं कळत नाही आणि खरं सांगायचं तर बेळगावच्या टिळकवाडीत बसूनही कळत नाही. ग्रुपमध्ये कन्नड येणारी तू एकटी, म्हणजे 'तू विचार ना', 'तू सांग ना त्यांना' हे दिवसभर चालणार, कुरकुर करू नको. मला तुला एकच सांगायचंय आणि तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. ज्याचं लिहून घेशील त्याला ते परत वाचून दाखव. त्याला कळेल त्या भाषेत, त्याच्यासमोर बसून, आणि तुमच्या सरांच्या हातात जायच्या आधी.

"एवढंच?" म्हणशील. करून बघ, मग म्हण.

आपल्याकडच्या माणसाला लिहून घेणाऱ्यांची लई सवय आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेलं तेव्हापासून कोण ना कोण वही घेऊन येतंयच. १९६६ ला ह्या सीमावादावर महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, निपाणी-खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या, जत-अक्कलकोटच्या बाजूची वगैरे २४७ गावं कर्नाटकाला द्या, बेळगाव शहर आहे तिथंच राहू दे. महाराष्ट्रानं तो मानला नाही आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा चालू आहे. हे सगळं तुला पाठ असणार, खानापूरची आहेस. पण त्यातली दुसरी बाजू बघ. आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर निवेदनं दिली. तहसीलदाराला दिली, पुढाऱ्याला दिली, पेपरवाल्याला दिली, एकदा कुठल्याशा कॉलेजच्या पोरांनाही दिली. त्यातलं काय लिहिलं गेलं, काय वगळलं, वर काय पोचलं, हे सांगायला एक माणूस आमच्या सोप्यात परत आला नाही. त्यामुळं झालंय काय, की तुमची गाडी गावात थांबली की पारावरचा पहिला म्हातारा विचारणार "कुठल्या पेपरचे?" आणि तयार भाषण सुरू करणार. ते भाषण खोटं नाही, पण ते सगळ्यांना दिलेलं आहे. तुझ्या मैत्रिणी ते रेकॉर्ड करून खूश होतील आणि चला, झाली मुलाखत.

तू संध्याकाळी परत जा आणि त्याला त्याचंच वाचून दाखव. अर्ध्यात तोच थांबवेल. "ते ऱ्हाऊ दे गं, ते सगळेच लिहितात. पोरगा गोव्याला हॉटेलात हाय ते लिही. चोर्ला घाटानं जातोय, गणपतीलाच येतोय. सून हितं, नातू हितं, शेत कोण करणार?" तुमचा विषय मायग्रेशन आहे ना? मग तो इथं सुरू झाला, सकाळी नाही.

आता विषयाचंच बोलायचं तर तुम्हाला वाचायला दिलेलं सगळं अमेरिका-मेक्सिकोचं दिसतंय. तीन हजार किलोमीटरच्या वर हद्द, भिंत, कॅमेरे, पकडून परत पाठवणं. वाचावं, वाईट नाही. पण ते डोक्यात घेऊन निपाणीजवळ कोगनोळीला हद्दीवर उतरलात तर तुम्हाला काहीच दिसणार नाही, कारण तिथं टोलनाका आहे आणि टोल भरून गाडी पुढं जाते. आपली हद्द एरवी दिसतच नाही, अचानक कधीतरी दिसते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दिसली, नंतर २०२१ ला आरटीपीसीआरचा रिपोर्ट दाखवा मग सोडतो म्हणायला लागले तेव्हा दिसली. डिसेंबर २०२२ ला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि एसट्या बंद झाल्या तेव्हा दिसली. माझं माहेर महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजचं, सासर कर्नाटकातल्या संकेश्वरचं, एकाच हिरण्यकेशीच्या काठची दोन्ही गावं, एसटीनं अर्ध्या तासाची वाट, आणि लॉकडाऊनमध्ये मला थोरल्या भावाच्या मातीला जाता आलं नाही. तुमच्या फॉर्ममध्ये हे कुठल्या प्रश्नात बसतं सांग बघू.

आणि तुमचा तो 'स्थलांतरित व्यक्ती' म्हणजे कोण? जनगणना काय विचारते ते सरांना विचार. जन्म कुठं झाला आणि आधी कुठं राहात होता. म्हणजे मी आंतरराज्य स्थलांतरित. तुझी आई पण असेल, ती महाराष्ट्रातल्या चंदगडची ना? आपल्या देशात बायकांच्या स्थलांतराचं सगळ्यात मोठं कारण लग्न, हे जनगणनेतच आहे, पण अभ्यासाला आलेली पोरं टोपी घातलेल्या बाप्याच्या समोर माईक धरतात आणि चहा घेऊन आलेली बाई आत निघून जाते. तिला विचारा की. दोघी सख्ख्या बहिणी, एक महाराष्ट्रात कागलला दिलेली, एक कर्नाटकात निपाणीला. इकडच्या बहिणीला २०२३ पासून शक्ती योजनेत बस फुकट आणि गृहलक्ष्मीचे २०००. तिकडच्या बहिणीला एसटीत अर्धं तिकीट आणि २०२४ पासून लाडक्या बहिणीचे १५००. दोघी मिळून सौंदत्तीला यल्लम्माला निघाल्या की कर्नाटकच्या बसमध्ये एकीला फुकट आणि दुसरीला तिकीट, कारण आधारवरचा पत्ता. हे तुला कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही आणि होय/नाही असल्या प्रश्नातून तर अजिबातच मिळणार नाही.

उद्यमबागलाही तसंच. फाउंड्रीत उत्तरेकडची पोरं आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या मशिनवर चंदगडहून रोज मोटारसायकलनं ये-जा करणारा पोरगा आहे. १९७९ चा आंतरराज्य कामगारांचा कायदा ठेकेदारानं आणलेल्यांसाठी होता, आपणहून आलेला त्यात बसतच नव्हता. दोघांनाही विचारा, आणि उत्तरेकडच्या पोरांना वाचून दाखवताना हिंदीत दाखवा, उगाच आपलं मराठी रेटू नका.

आता ऊसतोडीचं. इथं मी जरा तापणार आहे.

तुझ्या फॉर्ममध्ये 'आरोग्य' म्हणून भाग आहे आणि त्यात विचारलंय गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली आहे का. २०१९ ला बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं सगळीकडं गाजलं, त्यावर सरकारनं समिती नेमली, ते बरंच झालं. पण त्यानंतर जो तो फडावर येतो तो पहिल्या भेटीत, नवऱ्यासमोर, टोळी आणणाऱ्या मुकादमासमोर, उभ्या उभ्या तेच विचारतो. अरे, तुमच्या घरात पाहुणा आला आणि बूट काढायच्या आधी असं विचारलं तर चालेल का? राग येतो मला. तो प्रश्न विचारायचाच नाही असं मी म्हणत नाही. तो प्रश्न तिचा आहे, ती काढेल तेव्हा ऐकायचा.

मी ज्या संस्थेत होते तिथं आम्ही ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जाऊन नोंदी घ्यायचो. एका बाईनं सगळं सांगितलं होतं, उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, फिटली किती, आजारी पडली त्या दिवसांचा खाडा कसा धरला, कोयता दोघांचा मिळून एक, म्हणजे नवरा-बायको मिळून एकच धरतात, म्हणून उचल नवऱ्याच्या हातात आणि मोळ्या मात्र डोक्यावर तिच्या. एवढी स्वच्छ नोंद आमच्याकडं दुसरी नव्हती. दोन दिवसांनी मी तिला ती वाचून दाखवली, उसाचं वाढं बांधत ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, "हे मुकादमाच्या हातात पडलं तर?" आणि मग म्हणाली गावाचं नाव काढा, उचलीचा आकडा काढा, पोरीचं वय काढा. मी काढलं. ऑफिसात सांगितलं तर वरचे म्हणाले, मग उरलं काय त्यात? फंड देणाऱ्यांना आकडा लागतो, गाव लागतं. मी म्हटलं तिनं काढायला लावलंय, आता ते तुमचं नाही. बरेच दिवस चाललं ते. शेवटी नोंद वगळली त्यांनी आणि पुढच्या हंगामाला मला कामावर घेतलं नाही.

लोक अजून म्हणतात, अक्का, हट्टीपणा केलात, ते छापून आलं असतं तर चार बायकांचं भलं झालं असतं. झालं असतं का? मला नाही वाटत. एक अहवाल जास्त झाला असता. आणि समजा झालं असतं, तरी त्या बाईला न विचारता ते करायचा अधिकार मला कुणी दिला? ती ऊसतोड करणारी होती म्हणून आपण तिच्या वतीनं ठरवायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. वाईट एवढ्याचंच वाटतं की पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर ती टोळी गेली, पुढच्या वर्षी त्या फडात दुसरीच टोळी आली, आणि ती बाई कुठल्या कारखान्याला गेली ते मला शोधता आलं नाही. वही आहे माझ्याकडं. कुणाला दाखवत नाही.

हे सगळं माझ्याच बाजूनं सांगायलेय हे मला कळतंय. असू दे, माझं पत्र आहे.

सर म्हणतील वेळ नाही. चार दिवसांत चार ठिकाणं, वाचून कधी दाखवणार? मग ठिकाणं कमी करा. खानापूर राहू दे, तुझं गाव आहे, ते कुठं पळत नाही, किंवा बेळगाव दर्शनाचा दिवस काढा, कुंदा निपाणीच्या वाटेवरही मिळतो. सकाळी लिहायचं, दुपारी स्वच्छ करायचं, संध्याकाळी भाकऱ्या व्हायच्या आधी जाऊन वाचायचं. भाकऱ्या थापायच्या वेळेला जाऊ नका, बाई ऐकत नाही आणि तिला 'बस, ऐक' असंही म्हणता येत नाही. फडावर असाल तर पहाटे तर अजिबात नको, ती माणसं अंधारात तोडीला जातात. एका माणसाला वाचायला फार वेळ लागत नाही, त्याचं दुरुस्त करणं ऐकायला लागतो. तो खरा इंटरव्ह्यू. ते वेगळ्या पानावर लिही, आधीचं खोडू नकोस, दोन्ही ठेव. काढ म्हणाला तर मात्र खरंच काढायचं, फोनमधलं रेकॉर्डिंगसुद्धा, त्याच्यासमोर. "करतो करतो" म्हणून गाडीत बसायचं नाही.

तुमचा रिपोर्ट इंग्लिशमध्ये जाणार ना? मग तर जास्तच गरज आहे. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्यापैकी कुणालाच तो वाचता येणार नाही. इथल्या मराठी म्हाताऱ्यांना स्वतःच्या शेताचा उतारासुद्धा वाचता येत नाही, कन्नडमध्ये येतो, कुणाला तरी धरून वाचून घ्यावा लागतो. तुमचाही कागद त्यातलाच एक होणार असेल तर येऊ नका, मी स्पष्ट सांगते. आणि हे फक्त मराठी घरात करायचं नाही. शेजारच्या कन्नड घरातही तेच, तू कन्नडमध्ये वाचून दाखव. तुझ्या ग्रुपला ते कळलं नाही तरी चालेल, त्यांनी गप्प बसून ऐकावं थोडा वेळ.

तू विचारलंस बरोबर आहे का. वाचून दाखवणार असशील तर बरोबर आहे. नसशील तर तू खानापूरची असून सुद्धा बरोबर नाही. झालं?

आता कामाचं. अकरावा प्रश्न, 'तुम्हाला महाराष्ट्रात जायला आवडेल का, होय/नाही', तो काढून टाकायला सांग. त्यावर इथं माणसं मेलीत, खटले झालेत, घराघरात भांडणं झालीत, आणि तुम्ही त्याला टिक मारायला लावणार? आरोग्याचा तो प्रश्नही काढा. नाव आणि फोन नंबर कंपल्सरी केलाय, ते पण काढा. सर ऐकत नसतील तर त्यांचा नंबर पाठव, मी बोलते, दुपारी तीननंतर, त्याआधी माझी पेन्शनच्या बँकेत खेप आहे. आणि संकेश्वरात मुक्कामाला आलात तर तुम्ही किती जणी ते आधी कळव, पीठ दळून ठेवावं लागतं.

अक्का