जेल रोडहून सातपूरला रोज सायकलने जायचे तर रस्ता कसा निवडावा?

आपला प्रश्न असा आहे की, आपण नाशिकला नवीन आहात, घर जेल रोडला आणि नोकरी सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे, रोज सायकलने जाण्याचा विचार आहे, आणि मोबाइलवरचा नकाशा पुणे रोड, द्वारका, त्र्यंबक नाका, त्र्यंबक रोड असा मार्ग दाखवतो; तर तो घ्यावा की दुसरा शोधावा? मी उपनगरहून सातपूरला सायकलने जातो, म्हणजे आपल्या मार्गातला बहुतेक भाग माझ्या रोजच्या पायाखालचा आहे. माझे मत असे की, सकाळच्या वेळी नकाशाचा हा मार्ग घेऊ नये. कारण सविस्तर सांगतो, म्हणजे उद्या घर किंवा कंपनी बदलली तरी आपला रस्ता आपल्याला शोधता येईल.

नाशिकच्या मधून मुंबई-आग्रा महामार्ग तिरका गेला आहे. नाशिकरोड, जेल रोड, उपनगर, इंदिरानगर हे सगळे त्याच्या एका अंगाला आणि सिडको, सातपूर, जुने नाशिक, कॉलेज रोड, गंगापूर रोड दुसऱ्या अंगाला. उड्डाणपूल झाल्यापासून बाहेरगावची बरीच वाहने वरून निघून जातात. पण खाली समांतर रस्ते, वळणारी वाहने, रिक्षा आणि बस यांची गर्दी कायम आहे. आपल्याला घरून निघून हा महामार्ग कुठेतरी ओलांडावाच लागणार. द्वारका, वडाळा नाका, मुंबई नाका, महामार्गाखालून जाणारे इंदिरानगरचा बोगदा आणि राणेनगरचा बोगदा, लेखानगर आणि पाथर्डी फाटा ही ओलांडण्याची मुख्य ठिकाणे आहेत. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगतो की, आधी महामार्ग कुठे ओलांडायचा ते ठरवावे आणि मग त्या ठिकाणाला दोन्ही बाजूंनी रस्ते जोडत जावे. घरापासून सुरुवात करून समोर येईल त्या चांगल्या रस्त्याने पुढे जात राहिले, की माणूस बहुधा नको त्या चौकात जाऊन उभा राहतो.

द्वारका हा तसा नको असलेला चौक आहे. तिथे पुणे रोड महामार्गाला येऊन मिळतो, सारडा सर्कलकडून गावातली वाहने येतात, वरून उड्डाणपूल जातो, आणि त्याच्या खांबांमुळे समोरून वळणारे वाहन सायकलस्वाराला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. रिक्षावाले चौकाच्या तोंडाशीच प्रवासी घेतात, त्यामुळे डावी कडा कधी मोकळी मिळत नाही. सायकलवर माणूस हिरव्या दिव्याला सर्वांबरोबर निघतो खरा, पण चौक इतका रुंद आहे की मध्यापर्यंत पोहोचेतो दुसऱ्या बाजूची वाहने हलू लागलेली असतात. मुंबई नाक्याचे वर्तुळही असेच मोठे आहे. तिथे चारही बाजूंनी येणाऱ्यांना आपण आधी गेलो पाहिजे असेच वाटत असते. उड्डाणपुलावरून सायकल नेण्याचा विचार तर मनातही आणू नये.

माझी पसंती इंदिरानगरच्या बोगद्याला आहे. जेल रोडहून बिटको चौकात न जाता, मागच्या अंगाने कॅनॉल रोड धरून उपनगरला यावे. पुढे गांधीनगरवरून फेम सिग्नलपर्यंतचा पुणे रोड टाळता येत नाही. पण हा तुकडा रुंद आहे आणि सकाळी लवकर त्रास देत नाही. फेम सिग्नलच्या आसपास डावीकडे अशोका मार्गाला वळले, की रस्त्याचा स्वभावच बदलतो. दुतर्फा सोसायट्या, शाळेच्या व्हॅन, दुधाच्या गाड्या असतात. वेग सगळ्यांचाच कमी असतो. तिथून वडाळा-डीजीपीनगरच्या बाजूने वडाळा-पाथर्डी रस्त्याला लागावे आणि इंदिरानगरमधून बोगद्यापर्यंत यावे. वडाळा गावाजवळ रस्ता अरुंद होतो आणि दुकाने पार रस्त्यापर्यंत आलेली असतात, पण तिथे कोणालाच जोरात जाता येत नाही, आणि सायकलला तेच हवे असते.

बोगद्याबद्दल थोडे तपशिलाने सांगतो, कारण साऱ्या मार्गातले अवघड ठिकाण हेच आहे. बाहेरच्या लख्ख उजेडातून आत शिरताना डोळ्यांना सवय व्हायला क्षणभर लागतो, आणि नेमके तेव्हाच मागून दुचाकी डावीकडून घुसतात. म्हणून बोगद्याच्या आधीच, मागे वळून पाहून आणि हात दाखवून, आपण कडेपासून चांगले हातभर आत यावे आणि पार होईपर्यंत ती जागा सोडू नये. डावी कडा मोकळी दिसते, पण तिथे वाळू साचलेली असते, चेंबरची झाकणे खोल गेलेली असतात आणि पावसात पाणी तुंबते. ज्या जाळीच्या फटी चाकाच्या दिशेने असतात, त्यात बारीक टायर अलगद अडकतो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्यावा. आपण त्याला दिसलो आहोत, एवढाच त्याचा अर्थ. मात्र नऊनंतर या बोगद्यात दोन्ही बाजूंनी कोंडी होते, आणि कोंडीत सायकलवर उभे राहून धूर खाण्यात काही अर्थ नाही. शक्य असेल तर साडेआठच्या आत तो पार करावा.

बोगद्यापलीकडे गोविंदनगर आणि पुढे सिटी सेंटर मॉलचा चौक लागतो. आता राहते नासर्डी. ही छोटी नदी सातपूर-उंटवाडीच्या बाजूने येऊन पुढे पुणे रोडखालून गोदावरीकडे जाते. तिच्यावरचे पूल मोजके असल्याने सगळी वाहने त्यांवरच गोळा होतात. उंटवाडीच्या पुलावरून संभाजी चौकाकडे जाता येते, पण आपल्याला सातपूरला जायचे असल्याने त्रिमूर्ती चौकाच्या दिशेने जाऊन खुटवडनगरमार्गे आयटीआयचा पूल धरावा, म्हणजे त्र्यंबक रोडला आपण थेट आयटीआय सिग्नलवर, सातपूरच्या उंबरठ्यावर लागतो. या वाटेने अंतर पुणे रोडच्या मार्गापेक्षा थोडे वाढते, एकूण साधारण पंधरा किलोमीटरच्या घरात जाते. सायकलवर एखादा किलोमीटर म्हणजे चार-पाच मिनिटे. द्वारकेच्या सिग्नलला तेवढा वेळ तसाही जातो.

वसाहतीत शिरल्यावर घड्याळ महत्त्वाचे. बऱ्याच कारखान्यांत पहिली पाळी सातला सुरू होते आणि तीनला सुटते. या दोन्ही वेळांना कंपन्यांच्या बस, दुचाकी आणि माल घेऊन आलेले ट्रक एकदमच रस्त्यावर येतात. सातपूर-अंबड लिंक रोडवर तर लोखंडाच्या कॉइल वाहणारे ट्रेलर फिरतात. अशा ट्रेलरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जाऊ नये. तो डावीकडे वळताना मागची चाके कडेला घासत येतात आणि केबिनमधून चालकाला आपण दिसतच नाही. पाळी सुरू होण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी फाटकाशी पोहोचले, की हा प्रश्न बराचसा मिटतो.

आपल्याला कोणीतरी विहितगाव, वडनेर, पाथर्डी गाव, पाथर्डी फाटा आणि अंबड असा दक्षिणेचा मार्ग सुचवेल. लष्कराच्या हद्दीलगतची झाडी आणि मळे यांमुळे हा रस्ता सकाळी फार सुंदर असतो, आणि सुटीच्या दिवशी तो जरूर पाहावा. रोजच्यासाठी मात्र मी तो घेत नाही. अंतर बरेच वाढते, साइडपट्टी खचलेली असते, आणि दारणेच्या बाजूचे उसाचे मळे व लष्करी झाडी यांमुळे वडनेर दुमाला-विहितगाव पट्ट्यात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. दिवसा त्याची चिंता करण्याचे कारण नाही. मात्र पहाटेच्या अंधारात आणि दिवेलागणीनंतर मळ्यातले लोकही तिथे एकटे फिरणे टाळतात, आणि हिवाळ्यात सहाच्या सुमारास अंधार पडू लागतो, म्हणजे आपली परतीची वेळ नेमकी तीच.

उत्तरेचा, म्हणजे नांदूर नाक्यावरून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने तपोवन-पंचवटीत येऊन रामवाडीमार्गे गंगापूर रोड गाठण्याचा मार्ग आपण विसरावा. तो लांबचा आहे आणि त्या रस्त्यावर अवजड वाहनांचा वेग मोठा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये खासगी बस आणि ट्रकची धडक होऊन बसला आग लागली आणि अनेक प्रवासी दगावले, ते त्याच रस्त्यावरच्या मिरची चौकात.

सायकलस्वार आपल्या फेऱ्या ज्यावर नोंदवतात, त्या स्ट्राव्हासारख्या ॲपवरची गर्दीची रेषा पाहून काही जण मार्ग ठरवतात. नाशिकमध्ये ती रेषा फसवी आहे. हे शहर सायकलवेडे आहे खरे, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली, त्याचा अभिमान इथे अजून सांगितला जातो. पण ॲपवर ठळक दिसणारे रस्ते त्र्यंबकच्या किंवा कसाऱ्याच्या बाजूला पहाटे सरावाला जाणाऱ्यांचे आहेत. रविवारी साडेपाचला जो त्र्यंबक रोड सुरेख वाटतो, तो सोमवारी नऊला वेगळाच असतो. स्मार्ट रोडचेही तसेच. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ या १.१ किलोमीटरच्या रस्त्यावर सायकल ट्रॅक आखला गेला, पण तो आपल्या वाटेवर येतच नाही. त्यापेक्षा कंपनीच्या सायकल स्टँडवर जावे. जुन्या, काळ्या, मागे कॅरिअर असलेल्या सायकलींचे मालक हे खरे जाणकार आहेत. परवडते म्हणून वर्षानुवर्षे सायकल चालवणारे हे कामगार कोणत्या गल्लीतून निघाले की सिग्नल टळतो, कुठे पंक्चरवाला सातलाच उघडतो आणि कुठे रात्री कुत्री अंगावर येतात, हे नेमके सांगतात. ॲपवर त्यांची नोंद सहसा नसते.

एका बाबतीत आपले नशीब चांगले आहे. आपण सकाळी पश्चिमेला जाणार आणि संध्याकाळी पूर्वेला परतणार, म्हणजे दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. सातपूरला राहून नाशिकरोडला कामाला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर दोन्ही वेळा ऊन येते, आणि त्याच्या मागून येणाऱ्या चालकाच्याही. आपल्याला ध्यानात ठेवायचे ते एवढेच की, आपल्या समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन असते. चौकात तो उजवीकडे वळत असेल तर आपण त्याला दिसलो असे गृहीत धरू नये. हिवाळ्यात सूर्य बराच वेळ खाली असल्याने हे अधिक जाणवते. चढाचे म्हणाल तर गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते, त्यामुळे जाताना एकंदर हलका चढ आणि येताना उतार. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो, तेव्हा जाताना दहा मिनिटे जास्त धरावीत. मुसळधार पावसात मात्र मी सायकल घरी ठेवतो. २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस सुरू झाल्याने ती सोय आहे. पाण्याखालचा खड्डा किती खोल आहे हे कळण्याचा एकच मार्ग असतो, आणि तो महाग पडतो.

मार्ग ठरवण्याआधी तो दोनदा चालवून पाहावा. एकदा रविवारी सकाळी, वळणे पाठ होण्यासाठी. आणि एकदा रजेच्या पण कामाच्या दिवशी, नेमक्या ऑफिसच्या वेळेला. दुसऱ्या फेरीत घड्याळाकडे पाहू नये. कुठे पाय टेकावा लागला आणि कुठे छातीत धस्स झाले, एवढेच लक्षात ठेवावे. त्या जागा टाळता येतात का, ते नंतर शांतपणे पाहता येते. सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरात ठिकठिकाणी कामे निघत आहेत, म्हणून हाताशी दुसरा मार्ग तयार असावाच.

परतीचा रस्ता तोच असला पाहिजे असे नाही. संध्याकाळी इंदिरानगरचा बोगदा सकाळपेक्षा जास्त तुंबतो, त्यामुळे येताना मी आयटीआय पूल, खुटवडनगर, त्रिमूर्ती चौक असा सिडकोत येतो आणि राणेनगरच्या बोगद्यातून पलीकडे जाऊन चेतनानगरमार्गे वडाळा-पाथर्डी रस्ता धरतो. थोडा वळसा पडतो, पण सिडकोतल्या आतल्या रस्त्यांवर लोकांची वर्दळ असते आणि वाहनांचा वेग आपोआप आवरला जातो. आपली पाळी दुसरी असेल आणि रात्री अकराला सुटत असाल, तर मात्र माझा सल्ला उलटा आहे. त्या वेळी आतल्या वसाहती सामसूम असतात आणि कुत्र्यांच्या टोळ्या सायकलमागे लागतात. तेव्हा सरळ त्र्यंबक रोडने त्र्यंबक नाका, गडकरी चौक, सारडा सर्कल आणि द्वारका करून पुणे रोडने यावे, मागे लाल दिवा चालू ठेवावा, आणि अंगावर चमकपट्टीचे जाकीट घालावे. सकाळी टाळायला सांगितलेली द्वारका रात्री अकरानंतर बरीच मोकळी असते. फक्त तिथे सिग्नल लाल असो वा हिरवा, दोन्ही बाजूंना पाहूनच पुढे जावे, कारण त्या वेळी सिग्नल पाळणारे फार थोडे असतात.