घोडी सोबत दुडकत नाही, काय करावं?

प्रश्न: आप्पा, माझी पाच वर्षांची काठेवाडी घोडी फार गरीब स्वभावाची आहे. चालते निवांत, पण दोर धरून सोबत पळवायला गेलं की मान लांब करून उभी राहते. मी ओढतो, ती अडते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत न्यायची आहे. तिथं गिऱ्हाईक आधी दुडकी चाल बघतं.
– एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर: भाऊ, आधी खूर उचलून बघा. माझ्या एका घोडीला मी पावसाळाभर आळशी म्हटलं. ओल्या जागेवर बांधून तिच्या खुरांना तळातून सड लागली होती, वास येत होता, आणि मी चाबूक उचलत होतो. ते मला अजून बोचतं. दुडकीत पुढचा डावा अन् मागचा उजवा, मग पुढचा उजवा अन् मागचा डावा, असे पाय जोडीनं पडतात, म्हणून लंगडेपण त्याच चालीत उघडं पडतं. पुढचा दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं. तसं दिसलं तर डॉक्टरांना बोलवा, सराव थांबवा.

पाय ठीक असतील तर ओढणं आजच सोडा. तीनशे-साडेतीनशे किलोचं जनावर आपल्याच्यानं ओढलं जात नाही. ताण आला की ते उलट मागे रेटतं. तिच्या डाव्या खांद्याशी उभे राहा, दोर सैल, नजर समोर. वळून तिच्याकडे बघितलंत की ती थांबणारच. कुंपणाच्या कडेनं चाला, म्हणजे ती बाहेर सरकणार नाही. "चल" म्हणा आणि स्वतः दुडकायला लागा. नाही दुडकली तर डाव्या हातातली लांब काठी आपल्या पाठीमागून नेऊन तिच्या बरगडीमागे हलकेच टेकवा. मारायचं नाही. दोन पावलं उचलली की काठी लगेच बाजूला, दोर सैल, कौतुक. आठ-दहा पावलांनी पुन्हा साध्या चालण्यावर आणा आणि आयाळीच्या बुडाशी खाजवा. असं पाच-सहा वेळा, मग सोडून द्या. ती उत्साहात असतानाच थांबलं पाहिजे. इथंच लोक चुकतात, अजून एकदा म्हणत तिला कंटाळवतात.

सुरुवात शेताकडून घराकडं येताना करा, पुढे दुसरा घोडा असला तर फारच बरं.

यात्रेत दोन दिवस आधी पोचा. पहिल्या दिवशी नुसतं फिरवा, गर्दी अन् ढोल कानावर पडू द्या, गिऱ्हाईक कितीही घाई करो.