आरव्हीने न्यू ऑर्लिन्सला जाताना कोणतं प्लँटेशन बघावं?

ह्यूस्टनहून भाड्याची आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघताय, बरोबर आई-वडील आणि मुलं, वाटेत एखादं जुनं प्लँटेशन, म्हणजे गुलामांच्या श्रमांवर चाललेला मोठा मळा, बघायचंय, असं विचारलंय. लुइझियानातलं व्हिटनी प्लँटेशन बघा. घाईत असाल तर इथंच थांबा.

आमच्या गाडीत यावरून भांडण झालं होतं. मेव्हण्याला ओक ॲली हे दुसरं प्लँटेशन हवं होतं. ओक वृक्षांच्या दोन रांगा, टोकाला खांबांचा पांढरा वाडा, फोटो झकास. व्हिटनीचं नाव काढलं तर म्हणाला, “सुट्टीत कसलं रडगाणं? आणि गुलामगिरीशी आपला काय संबंध?” शेवटी तो एसी लावून आरव्हीतच बसला. आम्ही उतरलो.

आमच्या बाबांचं बालपण कराडकडच्या गुऱ्हाळावर गेलेलं. व्हिटनीत रस आटवायच्या जुन्या लोखंडी कढया मांडल्यात, तिथं ते थबकले. काठावरून हात फिरवला आणि गाईडला विचारायला लावलं, रस एका कढईतून दुसरीत घालायचं कोण? उत्तर आलं, गुलाम, लांब दांड्याच्या पळ्यांनी, रात्रपाळीतसुद्धा. थंडीत ऊस गोठण्याआधी गाळप उरकायचं म्हणून ऑक्टोबरपासून दिवसरात्र चुली पेटलेल्या. “आमच्याकडं गुळव्याला मान असायचा, कढईवरचा माणूस म्हणजे राजा,” एवढं बोलून बाबा पुढं गेले.

तुमच्या मुलांना हे नक्की सांगा: या जीवघेण्या कामाला पर्याय शोधला तो न्यू ऑर्लिन्सच्याच नॉर्बर्ट रिल्यू या मिश्रवंशीय, मुक्त इंजिनिअरने. एका भांड्याच्या वाफेवर पुढच्या भांड्यातला रस कमी दाबाखाली उकळायचा. १८४३ चं पेटंट. आपल्याकडच्या साखर कारखान्यांत आजही रस त्याच तत्त्वावर आटतो. म्हणे संबंध काय!

व्हिटनी १७५२ मध्ये हायडेल या जर्मन कुटुंबाने उभं केलं, आधी नीळ, मग ऊस. २०१४ पासून तिथं संग्रहालय आहे आणि ते मालकाची नाही, गुलामांची गोष्ट सांगतं. लुइझियानातल्या १,०७,००० गुलामांची नावं ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. व्हिटनी ज्या पॅरिशमध्ये (तिथला जिल्हा) आहे, तिथं दगावलेल्या सुमारे २,२०० गुलाम बालकांचं वेगळं स्मारक आहे. तिथं आईने माझा हात धरला तो गाडीपर्यंत सोडला नाही.

आरव्हीचं म्हणाल तर आय-१० हा हायवे सोडून ग्रॅमर्सीच्या पुलावरून मिसिसिपी नदी ओलांडा. रिव्हर रोड अरुंद आहे, सावकाश चालवा. मुक्कामाला वेस्टवेगोचं बाइयू सेग्नेट स्टेट पार्क बरं, वीज-पाण्याची जोडणी मिळते. बुकिंग आधीच करून ठेवा.

हां, उन्हाळ्यात ऊन भयंकर असतं आणि चालणं भरपूर, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा. आणि ओक ॲलीवाल्यांनीही आता गुलामांच्या झोपड्या पुन्हा उभारल्यात, हे मान्य करायला हवं. तिथल्या अँट्वान नावाच्या गुलाम माळ्याने पिकान या सुकामेव्याच्या झाडाची यशस्वी कलमं केली होती, तेही तिथं कळतं. तेव्हा दोन्ही बघायला वेळ असेल तर बघा, पण आधी व्हिटनी. बरोबर कुणी ‘आपला काय संबंध’वाला असेल, तर त्याला ओक ॲलीला सोडून या. तिथं मिंट ज्युलेप, म्हणजे पुदिना घातलेलं व्हिस्कीचं पेय, मिळतं.