पहिल्या सिनेमात ब्रँड घेताना

सिनेमात आपलं पाकीट दाखवायला मसाल्याची कंपनी पैसे देतेय म्हणून इतका हुरळून जाऊ नकोस. आधी विचार, रोख देणार की माल? आमच्या एका सिनेमाला ‘प्रायोजक’ मिळाला म्हणून पेढे वाटले, आणि आले काय, तर चहाचे चाळीस खोके! युनिट वर्षभर चहा प्यायलं, पण लाइटवाल्यांना चहापत्ती देऊन चालतं होय?

दुसरं, पाकीट कुठे, किती सेकंद, कोणाच्या हातात, हे करारात लिहून घे. नाहीतर सेटवर त्यांचा माणूस मॉनिटरला चिकटून बसतो. “नाव जरा कॅमेऱ्याकडे करा ना.” आई पोराच्या काळजीने रडतेय आणि डबा मात्र ऐटीत समोर तोंड करून उभा! एडिटमध्ये तो सीन उडाला तर काय, तेही आधीच ठरव. आमचा शेवटचा हप्ता तिथेच अडकला होता.

वस्तू गोष्टीत मुरली की प्रेक्षकाला खटकत नाही. १९८२च्या ‘ई.टी.’ या हॉलिवूडपटात पोरगा गोड गोळ्या टाकत टाकत परग्रहवासीयाला घरी आणतो. मार्स कंपनीने आपल्या एम अँड एम्स गोळ्या वापरायला नकार दिला, म्हणून हर्शी कंपनीच्या रीसेस पीसेस आल्या, आणि त्यांचा खप चांगलाच वाढला. उलट ‘यादें’ (२००१) हा हिंदी सिनेमा आठव. कोका-कोला, सायकली, पास पास मुखवास, सगळ्यांची उघड जाहिरात, आणि लोकांनी खिल्ली उडवली ती वेगळीच.

तुझ्या कथेत स्वयंपाकघर आहेच, तेव्हा मसाला घे. पण फोडणीच्या वेळी नायिकेला कंपनीचं घोषवाक्य म्हणायला लावणार असतील तर सरळ नाही म्हण.