आमच्या कॉलेजमधले २८ वर्षं शिकवणारे सर अचानक गेले. मी तर फक्त एक विद्यार्थिनी, तरी एवढं का लागतंय? आणि आम्ही मुलं काय करू शकतो?

आधी ते "फक्त" काढून टाका बरं. मी स्वतः शिकवते, आणि काही वर्षांपूर्वी आमच्या डिपार्टमेंटच्या एक सीनियर मॅडम अशाच अचानक गेल्या, सेमिस्टर अर्धं झालेलं असताना, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहायलाच बसले.

घरचं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, सुट्टी मिळते, कोणी रडू नको म्हणत नाही. सर गेले की दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल असतं. रडलात तर मैत्रीण विचारते, तुझे कोण होते ते? केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये या प्रकारच्या दुःखाला "डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ" असं नावच दिलंय, म्हणजे दुःख खरं असतं पण ते करायचा तुम्हाला हक्क आहे असं आजूबाजूचे लोक मानतच नाहीत. आणि हे फक्त मुलांचं नाही हं, आमच्या लॅब असिस्टंटने मॅडमसोबत वीस वर्षं काम केलेलं, त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही की तुम्ही बरे आहात का. मीही नाही विचारलं, याची लाज वाटते मला अजून.

आता कोणीतरी तुम्हाला ते दुःखाचे पाच टप्पे फॉरवर्ड करेलच, नकार, राग वगैरे. ते टप्पे मानसोपचारतज्ज्ञ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडले ते मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांशी नाही, त्यामुळे आपण कितव्या टप्प्यावर आहोत ते शोधत बसू नका. मला जास्त पटलं ते स्ट्रोब आणि शुट या अभ्यासकांचं १९९९ चं म्हणणं, की माणूस झोक्यासारखा असतो, थोडा वेळ दुःखात आणि थोडा वेळ रोजच्या कामात, आणि दोन्ही लागतं. म्हणजे सकाळी रिकामं टेबल बघून रडू आलं आणि दुपारी कँटीनमध्ये खदाखदा हसलात तर तुम्ही काही निर्दयी नाही. हां, सहा महिने उलटून गेले आणि तरी अभ्यास, झोप, जेवण काहीच धड होत नसेल तर काउन्सेलरला भेटाच, आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतसुद्धा लांबलेल्या शोकासाठी कमीत कमी एवढा काळ धरलाय. आणि जीव द्यावा असं काही मनात आलं तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही, लगेच कोणाला तरी सांगायचं.

काय करू शकता? शोकसभा कॉलेज करेलच, तिथे सगळे "मनमिळाऊ, शिस्तप्रिय, हसतमुख" असंच बोलणार, आमच्याकडेही तेच झालं, आणि खरं सांगू का, मॅडम अजिबात हसतमुख नव्हत्या. त्यापेक्षा सरांबद्दलचा एक नेमका प्रसंग लिहा, तुमच्याच शब्दात, चार ओळी पुरे. सर काय म्हणाले, कुठे चिडले, कुठलं उदाहरण दर वर्षी द्यायचे. जुन्या बॅचच्या मुलांकडूनही मागवा. सगळं जमवून महिन्या-दोन महिन्यांनी घरच्यांना द्या, पहिल्या आठवड्यात नको, तेव्हा ते वाचायची ताकदही त्यांच्यात नसेल. वर्गातले सर त्यांनी कधी बघितलेलेच नसतात, ते तुमच्याकडेच आहेत.

आणि सरांच्या जागी जे कोणी येतील त्यांना जरा सांभाळून घ्या बाबांनो. मॅडमचा थर्मोडायनॅमिक्सचा विषय माझ्या गळ्यात पडला तेव्हा पहिल्या लेक्चरला मी फळ्यासमोर उभी राहिले आणि साठ मुलं माझ्याकडे अशी बघत होती की मीच काहीतरी चोरलंय. त्यांच्या हाताने लिहिलेल्या नोट्स मला मिळाल्या होत्या, त्यात एन्ट्रॉपीच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिलेलं, "इथे मुलं झोपतात, ती गोष्ट सांगा." कुठली गोष्ट ते काही लिहिलेलं नाही. मी वर्गात विचारलं, कोणालाच माहीत नाही, ते प्रकरण त्यांचं झालंच नव्हतं ना. मग जुन्या बॅचच्या ग्रुपवर टाकलं तर संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळ्या गोष्टी आल्या, एकीत हरवलेली चप्पल, एकीत नवरा-बायकोचं भांडण, तिसरी मला अजूनही नीट कळलेली नाही, आणि प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतोय की हीच ती. मी चपलेची सांगते.