वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर विनामूल्य, मग नेव्हिगेशन महाग का?

प्रश्न : माझ्या वडिलांच्या मेंदूतील गाठ ‘नेव्हिगेशन’ लावून, म्हणजे डॉक्टरांच्या हातातील साधन मेंदूत नेमके कोठे आहे ते एमआरआयच्या चित्रावर दाखवणारी यंत्रणा वापरून काढावी, असे डॉक्टरांनी सुचवले असून त्याचा खर्च वेगळा सांगितला आहे. मी संगणक क्षेत्रात नोकरी करतो. याच कामासाठी ‘थ्रीडी स्लायसर’ हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, असे वाचनात आले. मग रुग्णालये तेच का वापरत नाहीत? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण वाचलेत ते खरे आहे. बोस्टनमधील ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालय आणि अमेरिकेतील एमआयटी ही तंत्रज्ञान संस्था यांच्या सहकार्यातून १९९८च्या सुमारास स्लायसरची सुरुवात झाली आणि आज ते कोणालाही उतरवून घेता येते, बदलता येते, व्यावसायिक कामातही वापरता येते. शस्त्रक्रियेच्या मार्गदर्शनासाठी त्याला ‘स्लायसर-आयजीटी’ हा विस्तार, म्हणजे पूरक सॉफ्टवेअर, जोडता येतो. हत्यारांच्या जागेचा मागोवा घेणाऱ्या उपकरणांशी आणि सोनोग्राफी यंत्राशी बोलण्याचे काम कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात वाढलेले ‘प्लस’ हे सॉफ्टवेअर करते आणि ही माहिती ‘ओपन-आयजीटी-लिंक’ या खुल्या नियमावलीने स्लायसरपर्यंत पोहोचते.

परंतु खर्चाचा मोठा वाटा पडद्यावरच्या चित्राचा नसतो. रुग्णाचे डोके पकडीत घट्ट बसवतात, त्या पकडीला परावर्तक गोळ्या लावलेली चौकट असते, तशाच गोळ्या डॉक्टरांच्या हातातील पॉइंटरवर (जागा दाखवणाऱ्या टोकदार सळईवर) असतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा या दोहोंचे परस्पर स्थान सतत मोजत राहतो. एखाद्या गोळीवर रक्ताचा थेंब उडाला किंवा मदतनीस कॅमेऱ्याच्या आड आला, तरी मोजणी बिघडते किंवा थांबते. शिवाय डोक्यावरील खुणा एमआरआयमधील त्याच खुणांशी जुळवाव्या लागतात. या जुळणीनंतर पडद्यावर समजा ‘०.८ मिलिमीटर’ असा आकडा आला, तर तो त्या खुणांपुरता असतो; आत खोलवर असलेल्या गाठीपाशी चूक किती आहे, हे त्यावरून कळत नाही. नवख्यांची गफलत नेमकी येथेच होते, आणि ती महागड्या यंत्रावरही होऊ शकते.

त्यात कवटी उघडून मेंदूभोवतीचे पाणी वाहून गेले, की मेंदू खचतो. काही वेळा तो सेंटिमीटरभरही सरकतो, आणि पडद्यावर मात्र आदल्या दिवशीचाच एमआरआय दिसत असतो.

राहिला मान्यतेचा मुद्दा. स्लायसर संशोधनासाठी आहे आणि प्रत्यक्ष उपचारात वापरण्याची मान्यता त्याला नाही, असे त्याचे निर्मातेच स्पष्ट सांगतात. सॉफ्टवेअरसोबत येणारा त्याचा वापर-परवाना कसलीही हमी देत नाही. भारतातही १ एप्रिल २०२० पासून उपचारासाठीचे सॉफ्टवेअर वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येत येते. स्लायसरचा आधार घेऊन कंपनीला मान्यताप्राप्त उत्पादन काढता येते, मात्र त्याची चाचणी, कागदपत्रे आणि जबाबदारी तिने उचलावी लागते. आपण देता त्या पैशांत हेही धरलेले असते. रुग्णालयाने लावलेला आकडा वाजवी आहे की नाही, हे येथून सांगणे मात्र मला योग्य वाटत नाही.

आपल्याला हवे असल्यास वडिलांच्या एमआरआयची सीडी घरी स्लायसरमध्ये उघडून पाहा. लाल, पिवळ्या आणि हिरव्या चौकटींत तीन दिशांचे छेद दिसतील व डॉक्टर काय सांगत आहेत ते समजायला सोपे जाईल. गाठ किती निघेल, याचे निदान मात्र त्यावरून करू नये. डॉक्टरांना एवढे जरूर विचारा, की मेंदू सरकल्यावर खात्री कशी करता आणि मेंदूची त्या वेळची स्थिती पाहण्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना सोनोग्राफीची सोय आपल्याकडे आहे का.